राजा-परधानाचं दावं

खोली भाड्याने द्यायची तर घरमालक साधारणपणे नाव विचारतात, गाव विचारतात, नोकरी कायमची आहे का विचारतात. आमच्या घरमालकांनी यातलं काहीच विचारलं नाही. ते टिनाच्या शेडमध्ये पोत्यावर मांडी घालून बसले होते. समोर पितळी परात, परातीत रॉकेल, आणि रॉकेलमधून काढून फडक्यावर ठेवलेल्या, राखाडी धातूच्या, घुमटासारखी टोपणं असलेल्या दोन सारख्या वस्तू. मी दाराशी उभी राहिले. त्यांनी वर बघितलं आणि एका वस्तूच्या तोंडात बोट घालून आतलं काहीतरी वर उचललं आणि सोडून दिलं. टक्. मग दुसरीचं तसंच.

"कोन्ता बद्द वाजला?"

"दुसरा," मी म्हणाले.

"काय?"

"दुसरा." इतक्या मोठ्याने मी तेव्हा कुणाशी बोलत नसे.

त्यांनी घराकडे तोंड करून हाक मारली, "चाबी आन व खोलीची. ह्या पोरीले आयकू येते."

सत्तरचं दशक संपत आलं होतं. मी नागपूरहून वर्ध्याला एका शाळेत इंग्रजी शिकवायला आले होते आणि सिंदी मेघेत खोली शोधत होते. माझं सगळं शिक्षण इंग्रजी माध्यमात झालेलं. घरी मराठी होतं, पण बेताचं, जेवणाखाण्यापुरतं. स्टाफरूममध्ये मी उत्तरं देत असे, प्रश्न विचारत नसे. अशा मुलीला कानांच्या जोरावर खोली मिळाली, हे घरी कळवताना मी फक्त 'मालक चांगले वाटतात' एवढंच लिहिलं.

परातीतल्या त्या वस्तू कार्ब्युरेटर होत्या. इंजिनाला हवा आणि पेट्रोल मिसळून देणारा भाग. शेडमध्ये मागे ताडपत्रीखाली त्यांची गाडी होती, इंग्लंडहून आलेली, गडद हिरवी, दोन माणसांपुरती, कापडी टपाची स्पोर्ट्स कार. तिला एकाऐवजी दोन कार्ब्युरेटर होते. मी एकदा तो शब्द उच्चारला तेव्हा घरमालक काका म्हणाले, "ते तुमच्या शाळेत. आमच्यात हा राजा अन् हा परधान."

ही बैलांची नावं होती. काकांकडे पूर्वी गवळाऊ जातीची पांढरीशुभ्र जोडी होती, पंचक्रोशीत नावाजलेली. कापसाच्या एका व्यापाऱ्याला ती पोळ्यात मिरवायला हवी होती. त्याच्याकडे ही गाडी नुसती पडून होती, जिनिंग प्रेसचा कुणी गोरा मॅनेजर परत जाताना टाकून गेलेली. व्यापाऱ्याला ती सुरू करता येत नव्हती. काकांनी जोडी दिली आणि गाडी घेतली. भाजीपाल्याची शेती करणाऱ्या माणसाने असा सौदा करावा यावर नातेवाईक अजून बोलत. काकांचं म्हणणं साधं होतं: जोडी देऊन जोडी घेतली, यात चुकलं काय?

ते त्या दोन कार्ब्युरेटरांबद्दल बैलांसारखंच बोलत. एक ओढत असेल आणि दुसरा आयतं खात असेल तर औत वाकडं जातं. दोघांचा पाय एकदम पडला पाहिजे. इंजिन धापा टाकायला लागलं की "परधान दमला", आणि धूर काळा आला की "राजा जास्त खाऊन राह्यला." ही भाषा मला सुरुवातीला गमतीची वाटायची. पुढे मी स्वतःच तशी विचार करायला लागले.

दर उन्हाळ्यात ते दोन्ही उतरवत आणि पूर्ण सोडवत. नवे सुटे भाग मिळायचा प्रश्नच नव्हता. झडपेचा दांडा झिजून हवा गळायला लागली तेव्हा त्यांनी जिनिंगच्या लेथवर पितळेची बुशी, म्हणजे दांड्याभोवती बसणारी नळकांडी, करून घेतली आणि तीन वेळा नाकारून चौथी घेतली. दोन धातूंच्या मधला पुठ्ठा, म्हणजे गॅस्केट, ते लग्नपत्रिकांमधून कापत. पत्रिका आली की आधी अंगठ्याने जाडी बघायचे, मग वधूवर.

"चांगले लोक हायेत," असा निर्णय जाड पत्रिकेवर होई. पातळ पत्रिका पाठवणाऱ्यांच्या लग्नाला ते गेलेच नाहीत असं काकू सांगत.

काकू हा या घराचा दुसरा आवाज होता. परात त्यांची होती. "ह्या परातीत मी मुऱ्हाळ्याले जेवाले वाढलं, अन् आता हिच्यात घासलेट," असं त्या दर उन्हाळ्यात म्हणत आणि परात मात्र स्वतःच काढून देत. दिवसभर त्यांचं चालू असे, "अवो, आयकलं का?" काका उत्तर देत नसत. काकू माझ्याकडे बघून म्हणायच्या, "लगन झालं तवापासून आयकलं नाई ह्या मानसानं, आता काय आयकन!"

पॉलिश हा शब्द काकांसमोर काढायची सोय नव्हती. वर्ध्यातल्या एका फिटरने उत्साहाने सुचवलं होतं, दोन्ही घासून चांदीसारखे करून देतो. काका म्हणाले, "म्हातारा बैल बाजारात न्यायचा असंन तं शिंगं घासून रंग फासतात. मले कोठी न्यायचं हाय यायले?" दोन्हींच्या अंगावर ओतकामातच उठलेले आकडे होते आणि झाकणाच्या स्क्रूखाली एकेक बारकी पितळी चकती होती. ती त्यांनी कधी हरवू दिली नाही. स्क्रू काढला की चकती आधी तोंडात धरायचे. चकती तोंडात असली की बोलणं बंद, आणि काकूंना तेवढाच वेळ मोकळं बोलायला मिळायचा.

कारंजा (घाडगे) हे काकूंचं माहेर. वर्षातून एकदा दोघं त्या गाडीतून तिकडे जात, काकू डोक्यावरून पदर घट्ट बांधून. एका वर्षी काकूंचा पाय मुरगळला होता, त्या ठेंगण्या गाडीत पाय दुमडून बसवेना, म्हणून परत येताना त्या एसटीने आल्या आणि रिकाम्या सीटवर, तिथल्या शाळेत परीक्षेच्या कामासाठी गेलेली मी बसले. हायवेवरच्या ढाब्यापाशी गाडी गरम झाली म्हणून थांबलो. ट्रकवाले भोवती जमले. तिथल्या मिस्तरीने बॉनेटमध्ये डोकं घालून सांगितलं, "काकाजी, हे दोन कायले? काढून फेका. जीपचा एकच बसवून देतो. ॲव्हरेज बी वाढन, डोकेदुखी बी जाईन."

"तुले कान किती हायेत?" काकांनी विचारलं.

"दोन."

"एक काढून ठेव इथं टेबलावर. मी चहा पिऊन येतो, मंग सांगजो मले कसं वाटते ते."

ट्रकवाले हसले. मिस्तरीही हसला आणि चहाचे पैसे त्यानेच दिले. मी सीटवरून उतरले नव्हते. पण ते वाक्य माझ्या लक्षात राहिलं. पुढे त्याचा अर्थ बदलला म्हणूनही असेल.

शेडच्या भिंतीला खुंट्या होत्या आणि प्रत्येक खुंटीवर एकेक जुनं दावं, म्हणजे बैल बांधायचा दोर. काही इतके जुने की हात लावला तर भुगा व्हावा. मी विचारलं नव्हतं, पण काकांना माझं बघणं कळत असे.

"जनावर इकलं तरी दावं द्याचं नसते," ते म्हणाले. "घेनारानं आपलं आनावं." मग एका दाव्याकडे बोट केलं. "हे माह्या बापाच्या जोडीचं. डोये गेले त्याचे, तवा त्यानं स्वताच्या हातानं जोडी देऊन टाकली. आम्ही म्हनलं, काऊन देता, आम्ही हावो ना. तो म्हने, ज्याले दिसत नाई त्यानं बैल ठेवू नाई. खांद्याले जखम झाली तं मले कशी दिसन?" मग त्यांनी परातीकडे बघितलं. "यायचं बी तसंच. आयकू येत नाई त्यानं ही जोडी ठेवू नाई."

तेव्हा मी ते नुसतं ऐकून घेतलं.

दोन कार्ब्युरेटर एकसारखे लावायची त्यांची पद्धत अशी होती: इंजिन हळू चालू ठेवायचं. रबराची एक नळी घ्यायची. तिचं एक टोक कानात आणि दुसरं राजाच्या तोंडाशी. हवा आत जाताना फुसफुस येते, ती ऐकायची. मग नळी परधानाकडे. जो जास्त जोरात श्वास घेत असेल त्याचा स्क्रू जरा मागे, दुसऱ्याचा जरा पुढे. दोन्हींचा श्वास सारखा झाला की मधली पोलादी सळई कसायची. ती सळई दोघांच्या झडपांना जोडते, म्हणजे ॲक्सिलरेटर दाबला की दोन्ही एकाच वेळी उघडतात. हे काम ते कुणाच्या हाती देत नसत.

एका दुपारी मी शाळेतून आले तेव्हा इंजिन चालू होतं आणि काका नळी कानाला लावून वाकले होते. मान डोलावत होते, समाधानाने. नळीचं दुसरं टोक सुटून मडगार्डवरून खाली लोंबत होतं. राजापासून हातभर लांब.

मी तिथेच थांबले. काकांनी वर बघितलं, मग माझ्या नजरेमागोमाग खाली बघितलं. त्यांनी नळी उचलली, फडक्याने पुसली आणि माझ्याकडे केली.

"तू पाह्य जरा."

मी पाहिलं, म्हणजे ऐकलं. राजा जास्त खात होता. मी बोटाने खूण केली. त्यांनी स्क्रू फिरवला, माझ्या चेहऱ्याकडे बघत. मी मान हलवली तेव्हा थांबले. त्या दिवसापासून नळी माझ्या कानात असायची आणि स्क्रूड्रायव्हर त्यांच्या हातात. याबद्दल आम्ही एक अक्षरही बोललो नाही. मला न बोलण्याची सवय होती आणि त्यांना ते सोयीचं होतं. काकूंना काहीच शंका आली नाही, कारण त्यांच्या मते हा माणूस आधीपासूनच ऐकत नव्हता.

मला मात्र आता कळलं होतं की खोली देताना ते काय तपासत होते. आणि त्यांनी बापाबद्दल सांगितलेली गोष्ट आठवली की मला शेडमध्ये जायला नको वाटे. ते रोज सकाळी जोडीवरून फडकं फिरवायचे. जोडी गेली तर सकाळी ते काय करतील, हे मला माहीत नव्हतं.

पोळ्याच्या आदल्या संध्याकाळी आमच्याकडे बैलांचे खांदे शेकतात. हळद आणि लोणी लावून, पळसाच्या पानांनी चोळून, बैलांना दुसऱ्या दिवसाचं आमंत्रण देतात. काकांच्या गोठ्यात आता बैल नव्हते, शेत भावाचे मुलगे बघत. पण काकू ताट तयार करायच्या आणि काका ते शेडमध्ये न्यायचे. बॉनेट उघडून दोन्ही घुमटांच्या माथ्यावरचं टोपण काढायचं, शिवणयंत्राच्या तेलाचे थेंब आत सोडायचे, घुमटाला हळदीचं बोट लावायचं आणि म्हणायचं, "आज आवतन घ्या, उद्या जेवाले या." काकू पदर पुढे घेऊन नमस्कार करत. मीही करत असे, जरा मागे उभी राहून. दुसऱ्या दिवशी गाडीला पुरणपोळीचा नैवेद्य असे. तो मला मिळे.

मुंबईचे साहेब आले ते पोळ्याच्या काही दिवस आधी. उंच, वयस्क, पांढरे बूट. जुन्या गाड्या जमवणारे. वर्ध्यातल्या एका डॉक्टरांनी त्यांना सांगितलं होतं. त्यांना मराठी येत नव्हतं, हिंदी तुटकी, म्हणून काकांनी मला खोलीतून बोलावून घेतलं. "इंग्रजी कोठी कामी पडते ते दिसन आज," असं म्हणाले.

साहेबांकडे काकांच्या गाडीच्याच सालची, त्याच बनावटीची गाडी होती. तिचा मागचा कार्ब्युरेटर अस्सल होता, पुढचा तडा जाऊन फुकट गेला होता. दुसरा कुठलाही लावला तर गाडी चालली असती, पण जाणकारांच्या लेखी तिची किंमत उतरत होती. त्यांना काकांची गाडी नको होती. फक्त पुढचा कार्ब्युरेटर हवा होता.

मी तेवढं मराठीत सांगितलं. "त्यांना फक्त राजा हवाय."

"जोडी फोडत नाई म्हन त्यायले."

मी सांगितलं. साहेब म्हणाले, एकाचीच किंमत मी दोघांइतकी देईन. तेही सांगितलं.

"त्यायले मराठी समजत नाई हे ठीक हाय. पन इंग्रजीत जोडी म्हन्जे दोनच ना?"

साहेब हसले. ते चिडणारे नव्हते. त्यांनी खिशातून भिंग काढलं, वाकून आकडे बघितले, चकत्या बघितल्या, पुठ्ठ्याच्या कडेवर छापलेलं सोनेरी 'चि. सौ. कां.' बघून मला त्याचा अर्थ विचारला. अर्थ कळल्यावर त्यांनी काकांकडे नव्याने बघितलं. झडपेचा दांडा बोटांनी हलवून पाहिला. तो जराही डगमगला नाही. मग म्हणाले, पॉलिश केलेलं नाही हे सर्वांत मोलाचं. मी भाषांतर केलं तेव्हा काकांनी मिशीवरून बोट फिरवलं.

"त्यायले म्हना, टकटक आयका."

साहेबांना सांगावं लागलं नाही. त्यांनी आधी राजाच्या तोंडात बोट घालून आतला दट्ट्या उचलला आणि सोडला. टक्. मग परधानाचा. आवाज आला, पण ओला, मातीवर खडा पडावा तसा. त्यांनी डोळे मिटून पुन्हा उचलला, पुन्हा सोडला. मग मला म्हणाले, मागच्यात दट्ट्या जरा घासतोय, नीट मध्यावर बसवायला हवा. बाकी असे हात मी बऱ्याच वर्षांत पाहिले नाहीत.

मी हे सांगितलं. काकांनी साहेबांकडे बघितलं नाही, माझ्याकडे बघितलं.

"खरं हाय?"

सकाळी त्यांनी एकट्यानेच दोन्ही तपासले होते. मी शाळेत होते. परधान घासतोय हे त्यांना कळलं नव्हतं, आणि ते मला विचारत होते ते त्या घासण्याबद्दल नव्हतं. ह्या माणसाला ऐकू येतं का, एवढंच ते विचारत होते. मी नाही म्हटलं असतं तर साहेब चहा पिऊन परत गेले असते. काकू कपबशा घेऊन दारात उभ्या होत्या. मला आठवलं ते बापाचं दावं.

"खरं आहे," मी म्हणाले.

"काय?"

मला ते पुन्हा म्हणावं लागलं, सगळ्यांना ऐकू जाईल असं. "खरं आहे, काका. परधान बद्द वाजतोय. त्यांना बरोबर ऐकू आलं."

काकांनी मान हलवली. मग खांद्यावरचा दुपट्टा काढला. "दोन्ही घेत असंन तं हात दे म्हना."

बैलबाजारात भाव तोंडाने बोलत नाहीत. कापडाखाली हात घालून एकमेकांची बोटं धरतात. आजूबाजूच्यांना काही कळत नाही. मी साहेबांना ते कसंबसं समजावलं. त्यांनी बाही वर केली आणि हात दुपट्ट्याखाली घातला. बराच वेळ दोघं एकमेकांच्या डोळ्यांत बघत उभे होते. एकदा साहेब दचकले, एकदा काका हसले. मग हात सुटले. किती ठरलं ते मला कळलं नाही, काकूंनाही कळलं नाही, आणि काकूंनी ते शेवटपर्यंत माफ केलं नाही.

काकांनी परधान उघडला, दट्ट्या मध्यावर बसवला, माझ्याकडे बघून सोडला. टक्. मग दोन्ही उतरवून जुन्या धोतराच्या तुकड्यात गुंडाळले. मधली सळई मात्र काढून बाजूला ठेवली.

साहेब म्हणाले, तीही अस्सल आहे, ती हवी. तिच्याशिवाय ही जोडी अपुरी.

"ते दावं हाय," काका म्हणाले. "दावं देत नसतात."

मी साहेबांना सांगितलं, हा दोर आहे. त्यांनी पोलादी सळईकडे बघितलं, मग माझ्याकडे. माझं इंग्रजी चांगलं आहे असं मला तोवर वाटत होतं. मी भिंतीकडे बोट केलं. साहेब खुंट्यांवरचे दोर एकेक करून बघत गेले. शेवटच्या खुंटीपाशी थांबले. सळईबद्दल ते पुन्हा बोलले नाहीत.

साहेबांची गाडी निघून गेल्यावर काकू म्हणाल्या, "कायले देली व जोडी? मी आयुष्यभर म्हनलं इका, तवा नाई इकली."

"मले आयकू येत नाई," काका म्हणाले. "लय दिवस झाले."

काकू परात घासत होत्या. त्यांचा हात थांबला. "मंग मी येवढे दिवस कोनाशी बोलून राह्यली?"

काकांना ते ऐकू आलं नाही. काकूंनी ओल्या हाताने त्यांचा खांदा धरला आणि तोच प्रश्न त्यांच्या कानाशी तोंड नेऊन, पूर्ण आवाजात विचारला. काकांनी ऐकलं. "माह्याशीच," म्हणाले.

त्या दिवसापासून त्या घरात सगळे मोठ्याने बोलायला लागले. मीसुद्धा. शाळेत मुली म्हणायच्या, मॅडमचा आवाज आता शेवटच्या बाकापर्यंत येतो. गाडी शेडमध्येच राहिली. बॉनेटवर काकूंनी सांडगे वाळत घातले.

पोळ्याच्या आदल्या संध्याकाळी काकूंनी ताट केलं. कुणी त्यांना सांगितलं नव्हतं. काका ते घेऊन शेडमध्ये गेले आणि मी मागे गेले. बॉनेट त्यांनी उघडलंच नाही. शेवटच्या खुंटीवर सळई टांगली होती, बापाच्या दाव्याच्या शेजारी. त्यांनी तिला लोणी लावलं, हळद लावली, पळसाच्या पानाने टोकापासून टोकापर्यंत चोळली. स्वतःचा आवाज त्यांना ऐकू येत नव्हता, त्यामुळे ते इतक्या जोरात म्हणाले की रस्त्यावरून जाणारे वळून बघायला लागले.

"आज आवतन घ्या, उद्या जेवाले या!"

मग माझ्याकडे वळले.

"आयकू गेलं असंन का व पोरी, मुंबईले?"

"गेलं!" मी ओरडून म्हणाले.